जिनगराचा मुलगा

फ्रान्समध्ये पॅरिसच्या पूर्वेस कूव्रे नावाचे खेडे आहे. तेथे ब्रेल आडनावाचा एक जिनगर खोगिरे व लगाम करीत असे. ४ जानेवारी १८०९ रोजी त्याच्या घरी लुईचा जन्म झाला.

बापाच्या कामाच्या खोलीत रापी, आरी अशी धारदार हत्यारे हाताशी असत. कारागिराला ती हत्यारे. अजाण बालकाला मात्र ती खेळणीच! १८१२ साली तीन वर्षांचा लुई बापाची नक्कल करू लागला. कातड्याला भोक पाडताना आरी निसटली आणि तिचे टोक त्याच्या डोळ्यात शिरले. केवढेसे ते टोक! पण डोळ्यासारख्या नाजूक अवयवाला तेवढे पुरे झाले. रोगजंतूंचे ज्ञान तेव्हाच्या वैद्यांना नव्हते. जखम चिघळली. एका डोळ्याच्या खोल जखमेमागून दुसरा, धडधाकट डोळाही कधी कधी जातो. लुईचे तसेच झाले. पाच वर्षांचा होईतो तो पूर्ण अंध झाला.

आईबापांनी त्याला कोपऱ्यात बसवून ठेवले नाही. गावच्या शाळेत तो नुसत्या श्रवणाने शिकला. १८१९ मध्ये तो पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाला. तेथील पुस्तकांत नेहमीचीच अक्षरे उठावाने छापलेली असत. ती चाचपून वाचण्यास फार वेळ लागे आणि अशी अक्षरे मुलांना स्वतः लिहिता येत नसत. वाचता येते पण लिहिता येत नाही, ही विद्या अर्धीच नव्हे काय?

१८२१ मध्ये शार्ल बार्बिये या माजी लष्करी अधिकाऱ्याने केलेली उठावाच्या ठिपक्यांची लिपी शाळेत आली. तिच्या एका खुणेत बारापर्यंत ठिपके असत. ते बोटाच्या टोकाखाली मावत नसत. लुईने सहाच ठिपके ठेवले. त्यांच्या मांडणीतून त्रेसष्ट खुणा होतात. १८२४ मध्ये, अवघ्या पंधराव्या वर्षी, त्याची लिपी आकारास आली आणि १८२९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. हे ठिपके कागदावर टोचण्याचे साधन अणकुचीदार असते, आरीच्याच जातीचे!

पुढे लुई त्याच शाळेत शिक्षक झाला. चर्चमध्ये तो ऑर्गनही वाजवी. शाळेच्या एका चालकाने ती लिपी काही काळ बंद पाडली, तरी मुले चोरून तीच लिहीत. ६ जानेवारी १८५२ रोजी क्षयाने लुईचा अंत झाला. फ्रान्सने त्याची लिपी १८५४ मध्ये स्वीकारली. मराठीही आता त्याच सहा ठिपक्यांत वाचली जाते.

१९५२ मध्ये त्याच्या अस्थी पॅरिसच्या पँथिऑन या समाधिमंदिरात नेण्यात आल्या. त्याचे हात मात्र कूव्रे गावाने आपल्यापाशी ठेवून घेतले.