यशवंताची आई : सावित्रीमाई फुले

क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांचे नाव निघाले की, अंगावर शेण-चिखल झेलत शाळेकडे जाणारी शिक्षिका आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. हे चित्र खरे आहे, पण पूर्ण नाही. मूल कोणाचे, त्याचा पालक कोण आणि ते पालकत्व कशाने सिद्ध होते, या प्रश्नांना माईंनी आपल्या जगण्यातून उत्तर दिले. निवासी शाळेच्या स्मरणिकेत त्या उत्तराची आठवण करणे अगत्याचे वाटते. कारण आपल्या वसतिगृहात शिकून गेलेल्या कित्येक मुलांच्या पाठीशी एकटी आई, आजी किंवा मामाच उभा होता.

माईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे, खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. १८४० मध्ये त्यांचा विवाह जोतीरावांशी झाला. अक्षरओळख त्यांना पतीकडून झाली. अध्यापनाचे शिक्षण मात्र त्यांनी आपल्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, सिंथिया फरार या अमेरिकन मिशनरी बाईंच्या संस्थेत घेतले. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. त्या शाळेची शिक्षिका घडविण्यात आपल्या नगरचाही वाटा आहे, ही आपणा सर्वांसाठी अभिमानाची गोष्ट होय.

त्या काळी बालविवाहामुळे कोवळ्या वयात विधवा झालेल्या मुली उच्चवर्णीय घराघरांत होत्या. पुनर्विवाहाला रूढीची बंदी होती. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाहाला मान्यता दिली. परंतु त्याच कायद्यात एक मेख होती. विधवेने पुन्हा लग्न केले की मृत पतीच्या मालमत्तेवरील तिचा हक्क संपे. पतीने मृत्युपत्रात मुलांसाठी पालक नेमून ठेवला नसेल, तर तिच्या जागी दुसरा पालक नेमावा म्हणून पतीचे नातलग न्यायालयात जाऊ शकत. म्हणजे नवे आयुष्य मागणाऱ्या आईला आपल्या पोटच्या मुलांवर पाणी सोडण्याची तयारी ठेवावी लागे. विवाहाबाहेर मूल झालेल्या विधवेची स्थिती याहून भीषण होती. तिच्यापुढे आत्महत्या किंवा अर्भकहत्या एवढेच मार्ग उरत. बाळाचा पिता मात्र उजळ माथ्याने समाजात वावरे.

पुण्यात काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेच्या हातून असेच घडले. तिला जन्मठेप होऊन अंदमानात धाडण्यात आले. या घटनेने फुले दांपत्य हेलावले. केवळ हळहळ व्यक्त करून ते थांबले नाहीत. १८६३ मध्ये त्यांनी स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल सोबत न्यावे किंवा ठेवून जावे, अशी पत्रके भिंतींवर लावली. जोतीरावांनी १८८४ मध्ये नमूद केल्यानुसार तोवर पस्तीस विधवांनी तेथे आश्रय घेतला होता. जोतीरावांनी हे गृह उघडले, असे आपण सहज म्हणतो. परंतु त्या बायांची बाळंतपणे करणे, बाळांना न्हाऊ-माखू घालणे, आजारपणात रात्री जागणे ही कामे माईंची होती.

१८७४ मध्ये काशीबाई याच नावाची दुसरी एक ब्राह्मण विधवा तेथे प्रसूत झाली. तिचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला व त्याचे नाव यशवंत ठेवले. दत्तक मूल स्वजातीचेच हवे, हा तत्कालीन हिंदू रूढीचा दंडक होता. येथे माळी कुटुंबाने ब्राह्मण विधवेचे मूल घरात घेतले होते. जातीची उतरंड मोडण्याची ही कृती कोणत्याही व्याख्यानाहून मोठी होती. पण अशा दत्तकाला भाऊबंद उद्या आव्हान देणार, हेही उघड होते. म्हणून जोतीरावांनी १८८७ मध्ये मृत्युपत्र करून यशवंताला वारस ठरविले. माईंनी त्याला शिकविले. तो डॉक्टर झाला. १८८९ मध्ये त्याचा विवाह सत्यशोधक पद्धतीने लावला गेला.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. अपेक्षिलेला प्रसंग तेव्हा अंत्ययात्रेतच ओढवला. रूढीनुसार टिटवे धरणारा तो वारस. दत्तक यशवंताला हा अधिकार नाही, असा वाद भाऊबंदांनी उपस्थित केला. तेव्हा माई पुढे झाल्या, टिटवे स्वतःच्या हाती घेतले आणि अंत्ययात्रेच्या अग्रभागी चालू लागल्या. पतीला अग्नीही त्यांनीच दिला. त्या एका कृतीत विधवेचा मान होता आणि मुलाच्या हक्काचे रक्षणही होते.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले. माईंनी डॉ. यशवंतांना बोलावून घेऊन हडपसरजवळ दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या महारवाड्यातील गायकवाड कुटुंबातील आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. ज्या समाजाच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्या समाजाचे लेकरू माईंच्या पाठीवर होते. म्हणूनच आपण त्यांना नुसते बाई न म्हणता माई म्हणतो.

माईंनी जे आचरणात आणले, ते कायद्यात येण्यास पुढे अर्धशतकाहून अधिक काळ लागला. जोतीरावांना गुरू मानणाऱ्या बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी जिवाचे रान केले आणि ते रोखले गेले म्हणून १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५६ च्या कायद्यांनी दत्तकातील जातीची अट संपविली. हे कायदे आपणा बौद्धांनाही लागू आहेत. त्यांनुसार पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असतो. विवाहबाह्य संततीचा प्रथम नैसर्गिक पालक आईच असते. अशा संततीलाही पोटगीचा हक्क आहे. आणि पालक ठरविताना मुलाचे हित सर्वोच्च मानावे लागते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव लावणेही महाराष्ट्र शासनाने अनिवार्य केले आहे.

तरीही घर मोडले की मुलाची ओढाताण होते. ताब्यासाठी भांडणारे पोटगीच्या वेळी तोंड फिरवितात आणि एकट्या आईला कागदासाठी खेटे घालावे लागतात. अशा मातांना आमचे सांगणे आहे : आपला हक्क ही कोणाची मेहेरबानी नव्हे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना व मुलांना मोफत वकील मिळतो. आणि माजी विद्यार्थ्यांनो, आपल्या गावात असे एखादे लेकरू असेल, तर त्याचे शिक्षण थांबू देऊ नका. पालकत्व रक्ताने लाभते, पण ते सिद्ध होते सांभाळण्याने. यशवंताच्या आईने आपल्याला दिलेला वारसा तोच आहे.