गणितातला कंसवध

मथुरेच्या कंसाला कृष्णाने मारलं हे सगळ्यांना माहीत आहे. पण गणितातल्या कंसाला कोणी मारलं? उत्तर आपल्याच डेटा स्ट्रक्चर्सच्या सिलॅबसमध्ये दडलेलं आहे. इन्फिक्सचं पोस्टफिक्स करा, हा प्रश्न पेपरात हमखास येतो. आपण स्टॅकच्या चौकटी काढतो, मार्क घेतो आणि मोकळे होतो. या लिखाणाला पोलिश नोटेशन का म्हणतात, हे मात्र कोणी विचारत नाही. तो पोलिश माणूस म्हणजे यान वुकाशेविच. आडनाव उच्चारायला इतकं कठीण, की जगाने पद्धतीला त्यांच्याऐवजी त्यांच्या देशाचं नाव दिलं असं म्हणतात!

त्यांच्याकडे जाण्याआधी कंस लागतात कशाला, ते पाहू. ६ ÷ २(१ + २) हे कोडं मोबाइलवर फिरत असतं. कोणी ९ म्हणतो, कोणी १, आणि मेसमध्ये पोळ्या गार होईपर्यंत वाद चालतो. आम्ही कॉन्व्हेंटवाले बॉडमास घोकून आलो, मराठी माध्यमवाले कंचेभागुबेव. दोन्हींत बेरीज वजाबाकीच्या आधी येते, म्हणून पुष्कळांना वाटतं की १० − ३ + २ मध्ये बेरीज आधी करायची. तशी केली तर ५ येतात, पण बरोबर उत्तर ९ आहे. कारण बेरीज-वजाबाकी एकाच दर्जाच्या, तसेच गुणाकार-भागाकारही. दर्जा सारखा असेल तर डावीकडून उजवीकडे जायचं.

हा नियम वरच्या कोड्याला लावला की ९ मिळतात. पण कंसाला चिकटलेला २ आधी गुणायचा, अशीही पद्धत पुस्तकांत आढळते, मग १ येतो. कॅल्क्युलेटरांचंसुद्धा यावर एकमत नाही. उणे ३ चा २रा घात कंस न घालता एक्सेलला विचारा, ९ येईल. पायथनला विचारा, −९ येईल. म्हणजे क्रियांचा क्रम हा गुरुत्वाकर्षणासारखा निसर्गाचा नियम नाहीच. रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवण्यासारखा तो माणसांनी आपसात केलेला करार आहे. आणि करार म्हटला की घोळ आलाच. वुकाशेविच यांनी या कराराची गरजच संपवली.

त्यांचा जन्म २१ डिसेंबर १८७८ रोजी ल्वूव शहरात झाला. तेव्हा हे शहर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं, आणि पोलंड नावाचा स्वतंत्र देश नकाशावर नव्हता. वडील ऑस्ट्रियन सैन्यात कॅप्टन होते. यान यांनी युनिव्हर्सिटीत आधी कायद्याला नाव घातलं, मग ब्रँच बदलून तत्त्वज्ञान आणि गणित घेतलं. १९०२ मध्ये डॉक्टरेट मिळाली, तीही अशी की सम्राट फ्रान्झ जोसेफ यांच्याकडून हिऱ्याची अंगठी बक्षीस आली.

१९१५ मध्ये ते वॉर्सा युनिव्हर्सिटीत शिकवायला गेले. १९१८ मध्ये पोलंड स्वतंत्र झाला आणि १९१९ मध्ये या तर्कशास्त्राच्या प्रोफेसरला चक्क शिक्षणमंत्री केलं गेलं. मंत्रिपद वर्षभरही टिकलं नाही, ते परत वर्गात आले. पुढे दोनदा युनिव्हर्सिटीचे रेक्टर, म्हणजे आपल्याकडचे कुलगुरू, झाले. लेश्नेव्स्की या सहकाऱ्याबरोबर त्यांनी वॉर्सात तर्कशास्त्राची अशी शाळा उभी केली की जगभर तिचं नाव झालं. आल्फ्रेड टार्स्की हा तिथलाच विद्यार्थी.

ठरलेल्या गोष्टी पुन्हा तपासायची त्यांना सवयच होती. विधान एकतर खरं असतं नाहीतर खोटं, तिसरं काही नाही, हे आपण डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या पहिल्या लेक्चरला मान डोलावून मान्य करतो. वुकाशेविच विचारू लागले, की उद्या समुद्रावर लढाई होईल हे विधान आज खरं आहे का? खरं असेल तर लढाई टाळणं कोणाच्याच हातात नाही, खोटं असेल तर घडवणं हातात नाही. मग माणसाच्या निर्णयाला अर्थ काय उरला? म्हणून १९२० मध्ये त्यांनी ० आणि १ च्या मध्ये १/२ ही तिसरी किंमत मांडली. यात गंमत अशी, की एखादं विधान १/२ असेल तर 'ते खरं किंवा त्याच्या उलट खरं' हे वाक्यसुद्धा १/२ च राहतं, १ होत नाही! डोक्याला पटत नाही, पण हिशेब चोख आहे. १९६५ मध्ये आलेल्या फझी लॉजिकचं मूळ शोधत गेलं तर वाट इथेही येते.

आता कंसवध. १९२४ मध्ये तर्कशास्त्राची लांबलचक सूत्रं लिहिताना त्यांना सुचलं, की चिन्ह मध्ये न घालता आधी लिहिलं तर? प्रत्येक चिन्हाला किती गोष्टी लागतात हे ठरलेलं असेल तर कंस लागतच नाहीत. आपल्या अंकगणितात बोलायचं तर (३ + ४) × ५ होतं × + ३ ४ ५, आणि ३ + ४ × ५ होतं + ३ × ४ ५. बॉडमास नको, कंचेभागुबेव नको. मेसमधलं भांडणही मिटतं. ज्याला ९ हवेत त्याने × ÷ ६ २ + १ २ लिहावं, ज्याला १ हवा त्याने ÷ ६ × २ + १ २ लिहावं. मनात एक आणि कागदावर दुसरं, असं इथे करताच येत नाही.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात त्यांचं घर, पुस्तकं आणि हस्तलिखितं जळून गेली. युनिव्हर्सिटी बंद झाली, तेव्हा साठी ओलांडलेले वुकाशेविच गुपचूप चालणाऱ्या वर्गांत शिकवत राहिले. जुलै १९४४ मध्ये पत्नी रेगिना यांच्यासह त्यांनी वॉर्सा सोडलं. म्युन्स्टरच्या हाइनरिख शोल्त्स या जर्मन तर्कशास्त्रज्ञ मित्राने मदत केली. युद्ध संपलं तेव्हा जन्मगाव ल्वूव सोव्हिएत युनियनमध्ये गेलं होतं आणि पोलंडवर कम्युनिस्टांची पकड बसत होती. परत जावं असं घर उरलं नव्हतं. १९४६ मध्ये आयर्लंडने बोलावलं आणि डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीत ते प्रोफेसर झाले. जळालेलं काम त्यांनी पुन्हा उभं केलं. ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्रावरचं त्यांचं पुस्तक १९५१ मध्ये आलं, तेव्हा ते ७२ वर्षांचे होते. १३ फेब्रुवारी १९५६ रोजी डब्लिनमध्येच त्यांचं निधन झालं.

खरी मजा त्यानंतर झाली. कॉम्प्युटरला कंस वाचत मागे-पुढे धावणं अवघड जातं. चिन्ह शेवटी लिहिलं, म्हणजे वुकाशेविच यांची पद्धत उलटी केली, तर डावीकडून एकदा वाचत गेलं आणि स्टॅकवर संख्या ठेवत गेलं की काम झालं. ऑस्ट्रेलियाच्या चार्ल्स हॅम्ब्लिन यांनी १९५७ च्या सुमारास हे दाखवलं. १९६१ मध्ये डायक्स्ट्रा यांनी इन्फिक्सचं पोस्टफिक्स करण्याची रीत लिहिली, तीच आपण परीक्षेत वापरतो. १९७२ मध्ये ह्युलेट-पॅकर्डचा एचपी-३५ हा खिशातला सायंटिफिक कॅल्क्युलेटर आला. त्यावर कंसही नव्हते आणि बरोबरचं बटणही नव्हतं! ३, एंटर, ४, अधिक, ५, गुणिले, की ३५ हजर. तर्कशास्त्राच्या सूत्रांसाठी शोधलेली युक्ती इंजिनिअरच्या खिशात येऊन बसली. ते पाहायला वुकाशेविच नव्हते. २०२२ मध्ये त्यांचे अवशेष डब्लिनहून वॉर्साला नेण्यात आले.

मित्रांनो, घर गेलं, कागद गेले, शहर दुसऱ्या देशात गेलं, पण चिन्ह आधी लिहायचं ही एका ओळीची कल्पना उरली. कारण ती ज्याला समजली त्याच्याबरोबर गेली. आपण तिच्यातून घ्यायचं ते एवढंच, की वाचणारा समजून घेईल या भरवशावर काही सोडू नये. मशीनला कंस नकोत, पण आपला कोड वाचणारा रूममेट, मॅडम किंवा उद्याचा टीम लीडर माणूसच असतो. त्याच्यासाठी कंस सढळ हाताने घाला. वाचवलेल्या कंसांना व्हायवात कोणी जादा मार्क देत नाही!