ॲलन ट्युरिंग: केंब्रिजमध्ये फेलोशिप असताना प्रिन्स्टनला का गेले आणि नोकरी मिळत असताना परत का आले?

कॉम्प्युटर सायन्ससाठी परदेशातलं विद्यापीठ निवडताना आज रँकिंग, फी, स्कॉलरशिप आणि पुढची नोकरी असे हिशेब मांडले जातात. 1936 साली या विषयाची पदवी जगात कुठेच नव्हती. तरीही ॲलन ट्युरिंग यांना जवळपास हेच हिशेब करावे लागले.

ट्युरिंग यांचा जन्म 23 जून 1912 रोजी लंडनमध्ये झाला. वडील मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी होते. आई-वडील भारतात आणि दोन मुलं इंग्लंडमध्ये दुसऱ्यांच्या घरी, असं त्यांचं बालपण गेलं.

त्यांची पहिली पसंती होती केंब्रिजचं ट्रिनिटी कॉलेज. न्यूटन यांचं कॉलेज, रामानुजनही तिथेच शिकले. ट्युरिंग यांनी तिथल्या स्कॉलरशिपसाठी दोनदा परीक्षा दिली, दोन्ही वेळा हुकली. पहिल्या वेळी ती त्यांचा जिवलग मित्र ख्रिस्तोफर मॉरकॉमला मिळाली होती, पण दोनच महिन्यांत तो वारला. 1931 मध्ये ट्युरिंग दुसऱ्या पसंतीच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाले. याच किंग्जने त्यांना 22व्या वर्षी फेलो केलं, वर्षाला 300 पौंड देऊन.

मग प्रिन्स्टन कशासाठी?

1935 मध्ये मॅक्स न्यूमन यांच्या वर्गात ट्युरिंग यांच्यासमोर एक प्रश्न आला. गणितातलं कोणतंही विधान सिद्ध होईल की नाही, हे ठरावीक पायऱ्यांनी सांगणारी पद्धत असू शकते का?

उत्तरासाठी त्यांनी एक काल्पनिक यंत्र रचलं. चौकोन आखलेली लांबलचक पट्टी, एका वेळी एकच चिन्ह वाचायचं, खोडायचं किंवा लिहायचं आणि एक घर सरकायचं. उत्तर निघालं 'नाही'. पण वाटेत त्याहून मोठी गोष्ट हाती लागली. सूचना पट्टीवरच लिहिल्या तर एकच यंत्र बाकी सगळ्या यंत्रांचं काम करू शकतं. आजचा कॉम्प्युटर आणि त्यातलं सॉफ्टवेअर याच कल्पनेवर उभं आहे.

एप्रिल 1936 मध्ये हा मसुदा न्यूमन यांच्या हाती आला. नेमकं त्याच सुमारास कळलं, की प्रिन्स्टनच्या अलोन्झो चर्च यांनी तेच उत्तर वेगळ्या वाटेने आधीच काढलंय. संशोधकाला याहून वाईट बातमी क्वचितच मिळत असेल. मात्र न्यूमन यांनी चर्च यांनाच पत्र लिहिलं आणि ट्युरिंगना तिकडे पाठवायचं ठरवलं.

म्हणजे विद्यापीठ ठरलं ते तिथल्या एका माणसामुळे. प्रॉक्टर फेलोशिप त्या वर्षी मिळाली नाही, तेव्हा किंग्जच्या पैशांवरच भागवावं लागलं.

प्रिन्स्टनचं नाव तेव्हा जोरात होतं. 1933 मध्ये नाझींनी ज्यू प्राध्यापकांना काढायला सुरुवात केल्यावर जर्मनीतलं गणिताचं माहेरघर गॉटिंगेन ओस पडत गेलं आणि वाइल यांच्यासारखे लोक इथे आले. आइन्स्टाइन आणि फॉन नॉयमनही इथेच होते.

प्रत्यक्षात मात्र चर्च फारसे बोलके निघाले नाहीत. ट्युरिंग यांच्या व्याख्यानाला मोजकेच लोक आले. शोधनिबंध छापून आला, तर त्याच्या प्रतींसाठी सुरुवातीला दोनच पत्रं आली.

1,500 डॉलरची नोकरी नाकारली

दुसऱ्या वर्षी प्रॉक्टर फेलोशिप मिळाली. त्यासाठी फॉन नॉयमन यांनी शिफारस केली होती. गंमत म्हणजे त्या पत्रात ट्युरिंग यांच्या यंत्राचा उल्लेखही नव्हता!

1938 मध्ये चर्च यांच्याकडे पीएचडी पूर्ण झाली. फॉन नॉयमन यांनी वर्षाला 1,500 डॉलरवर सहायकाची जागा देऊ केली. युरोपवर युद्धाचं सावट होतं आणि अमेरिकेत राहणं सुरक्षित होतं. पण किंग्जने फेलोशिप वाढवली होती आणि अमेरिकन वागणं-बोलणं ट्युरिंग यांच्या अंगवळणी पडलं नव्हतं. जुलैमध्ये ते परतले.

त्याच वर्षी त्यांनी ब्रिटिश सरकारच्या सांकेतिक लिपी विभागासाठी काम सुरू केलं. ब्रिटनने युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, 4 सप्टेंबर 1939 रोजी, ते ब्लेचली पार्कमध्ये हजर झाले. जर्मन एनिग्मा यंत्राचे संदेश उलगडण्यात त्यांचा वाटा मोठा होता.

1948 मध्ये ते मँचेस्टर विद्यापीठात गेले, न्यूमन तिथे होते म्हणून. 1952 मध्ये समलैंगिक संबंधांवरून त्यांना दोषी ठरवण्यात आलं आणि सरकारच्या गुप्त कामाची दारं बंद झाली.

केंब्रिजने कॉम्प्युटिंगचा पहिला डिप्लोमा 1953 मध्ये सुरू केला. पुढच्या वर्षी, 7 जून 1954 रोजी, ट्युरिंग यांचा मृत्यू झाला. ते 41 वर्षांचे होते.