वाऱ्याचा रोख ओळखणारा शिकारी

जिम कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालला झाला. वडील तिथले पोस्टमास्तर. ते लवकर वारले. हिवाळ्यात कुटुंब पायथ्याच्या कालाढुंगीला राहायला येई. तिथल्या रानात हा मुलगा ठसे, आवाज आणि वारा ओळखायला शिकला.

वारा कशासाठी? आपल्या त्वचेवरून सूक्ष्म कोंडा सतत गळत असतो. ताज्या घामाला फारसा वास नसतो. त्वचेवरचे जिवाणू त्याचे विघटन करतात तेव्हा तो येतो. आंघोळीने ही क्रिया थांबत नाही. चितळ-सांबराच्या लांब नाकात गंध टिपणारे अस्तर आपल्यापेक्षा कितीतरी मोठे असते. त्यामुळे वारा आपल्याकडून हरणाकडे वाहत असेल, तर आपण दिसण्याआधीच ते पळते. यावर शिकाऱ्याचा उपाय एकच, वारा तोंडावर घेत जायचे. डोंगरात दिवसा वारा सहसा चढणीकडे वाहतो, म्हणून तिथे वरच्या अंगाने उतरायचे.

वाघही हरणाला असाच गाठतो. माणसाचे नाक किती मंद आहे, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून नरभक्षक वाघ माणसावरही वारा तोंडावर घेतच चाल करतो, असे कॉर्बेट यांचे निरीक्षण होते. साहजिकच वारा समोरून आला की धोका पाठीमागे. अशा वेळी ते सरळ न जाता नागमोडी चालत. मग धोका पाठीशी न राहता कधी डाव्या, कधी उजव्या हाताला येई.

१९०७ मध्ये त्यांनी चंपावतची वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ बळी होते. तपासल्यावर तिचे उजवीकडचे वरचे व खालचे सुळे मोडलेले आढळले. जुन्या गोळीची ती जखम होती. नेहमीचे भक्ष्य मारणे अवघड झाल्याने ती माणसांकडे वळली होती. रोगाचे मूळ शोधावे तसे हे निदान. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्याही त्यांनीच टिपला.

पुढे बंदुकीपेक्षा कॅमेरा त्यांना अधिक जवळचा झाला. १९३६ मध्ये कुमाऊंच्या पायथ्याशी राष्ट्रीय उद्यान झाले. आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९ एप्रिल १९५५ रोजी केनियात त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. पण हरीण जवळून पाहायचे असेल, तर नियम तोच: आधी चिमूटभर माती सोडून वाऱ्याचा रोख पाहा.