आजोबांची वास्तू, नातवाचे दान

येरवड्याजवळचा आगाखान महाल आपण अनेकदा पाहिला असेल. तो उभारणारे सर सुलतान मुहम्मद शाह यांचा जन्म १८७७ मध्ये कराचीत झाला. वयाची आठ वर्षे पूर्ण होण्याआधीच त्यांचे पितृछत्र हरपले आणि शिया इस्माईली जमातीचे इमामपद त्यांच्याकडे आले. मातेने त्यांना घडवले. १८९२ मध्ये दुष्काळपीडितांना काम मिळावे म्हणून त्यांनी हा महाल बांधवला. पुढे अलीगढ विद्यापीठासाठी देशभर फिरून निधी जमवला.

१९५७ मध्ये त्यांचे निधन झाले. दोन पुत्र हयात असताही त्यांनी मृत्युपत्रात वीस वर्षांचे नातू करीम यांना वारस नेमले होते. याच नातवाने १९६९ मध्ये, कस्तुरबांनी जेथे अखेरचा श्वास घेतला तो महाल, गांधीजींच्या स्मरणार्थ राष्ट्राला अर्पण केला. आजोबांनी भुकेल्यांसाठी बांधलेली वास्तू नातवाने सर्वांची केली.

आपणही मुलानातवंडांसाठी घर, जमीन, दागिने राखून ठेवतो. देण्याची सवय ठेवतो का? सदका-ए-जारियाची शिकवण घरातूनच मिळते. ती आपल्या हयातीतच, नातवंडांच्या डोळ्यांदेखत देऊ या.