डोंगर राखला तर शेत राहील : महात्मा फुल्यांची शिकवण

महात्मा जोतीराव फुले म्हटले की मुलींची शाळा आठवते. 1848 साली पुण्यात भिडेवाड्यात त्यांनी ती काढली, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण जोतीराव स्वतः शेती केलेले आणि शेतीच्या पाण्याचा खोल विचार केलेले गृहस्थ होते. शेतकरी बंधूंनी त्यांची ही बाजूही माहिती करून घ्यावी.

त्यांचा जन्म 1827 सालचा. वडील गोविंदराव यांचा पुण्यात फुलांचा धंदा. मध्ये शाळा सुटली तेव्हा जोतीराव मळ्यात राबले, पुढे परत शाळेत जाऊन शिकले. नंतर त्यांनी बांधकामाची कंत्राटे घेतली. मांजरीजवळ जमीन घेऊन कालव्याच्या पाण्यावर शेतीही करून दाखवली. 1873 साली सत्यशोधक समाज स्थापन केला.

1876 ते 1878 या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. माणसं गावं सोडून निघाली. 1877 साली जोतीराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धनकवडीला उपाशी मुलांसाठी आश्रम चालवला. पाठोपाठ 1878 साली इंग्रज सरकारचा जंगल कायदा आला. गायरानं, डोंगर जंगलखात्याकडे जाऊ लागले आणि गुरांच्या चाऱ्याचे हाल झाले.

हे सगळे पाहून त्यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. डोंगरावरच्या झाडांचा पालापाचोळा पावसाबरोबर खालच्या शेतात येतो आणि जमिनीचा कस वाढवतो, हे त्यांनी त्यात मांडले. पावसाचे पाणी आधी शेतात मुरावे, उरलेले ओढ्याला जावे, अशा बेताने ताली आणि बंधारे घालावेत. त्या कामी पलटणीतले व पोलिसातले शिपाई लावावेत, असे सुचवले. तळ्यांतला, ओढ्यांतला गाळ शेतकऱ्याला फुकट नेऊ द्यावा, पाणाड्यांकडून पाण्याच्या जागा शोधून घ्याव्यात, हेही सांगितले.

गायरानाबद्दल त्यांचे म्हणणे नीट समजून घेण्यासारखे आहे. गायरान गावाला परत द्या, पण विक्रीसाठी आणि इमारतीसाठी तिथलं लाकूड तोडायला सक्त बंदी घाला, अशी त्यांची मागणी होती. म्हणजे हक्क गावाचा, पण मनाला येईल तशी तोड नाही. 28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतीराव वारले.

हवामान बदल हा शब्दही तेव्हा कोणाला माहीत नव्हता. आज आपण तो भोगतो आहोत. मध्य भारतात मोठ्या टापूवर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात जवळपास तिप्पट झाल्या. पाऊस दोन दिवसांत बदाबदा पडतो, मग तीन आठवडे दडी मारतो. उघड्या डोंगरावरून पाणी माती घेऊन पळतं आणि हिवाळा सरायच्या आत विहीर तळाला जाते. ज्या डोंगरावर गवत, झुडूप, झाड आहे तिथे पाण्याचा वेग कमी होतो, ते मुरतं, ओढा जास्त दिवस वाहतो. म्हणून पाणलोटाचं काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचं असतं. माथा उघडा ठेवून नुसते खाली बंधारे बांधले तर ते गाळाने लवकर भरतात.

गायरानावरचं अतिक्रमण आणि मोकाट चराई हे विषय गावात काढले की भांडण होते, हे मान्य. ज्याची दोन जनावरं तिथल्या चाऱ्यावर जगतात त्याला एकदम बंदी सांगून चालणार नाही. आळीपाळीने एकेक पट्टा बंद ठेवावा, गवत कापून न्यायला मोकळीक द्यावी, कुऱ्हाडबंदी मात्र सर्वांना सारखी असावी. सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी यांनी गायरानाचा नकाशा ग्रामसभेत सर्वांसमोर उघडावा. जोतीरावांच्या तसबिरीला हार तर आपण दर वर्षी घालतोच. यंदा त्याच सभेत एक पट्टा राखायचा ठराव करून पाहा.