ब्रिगॅम यंग : परंपरेचे बळ आणि परंपरेचे ओझे

मॉर्मन पंथाचे तरुण मिशनरी दोघादोघांच्या जोडीने, दीड-दोन वर्षे, स्वतःच्या अथवा कुटुंबाच्या खर्चाने परमुलखात राहतात. ही रीत कशी रुजली याचा शोध घेताना आम्ही ब्रिगॅम यंग यांच्या चरित्राकडे वळतो.

यंग यांचा जन्म १ जून १८०१ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट येथे गरीब कुटुंबात झाला. शालेय शिक्षण जेमतेम, व्यवसाय सुतारकामाचा. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली प्रसिद्ध केलेल्या ‘मॉर्मनच्या पुस्तका’चा सुमारे दोन वर्षे विचार करून १८३२ मध्ये ते या पंथात आले. सप्टेंबर १८३९ मध्ये ते प्रचारासाठी इंग्लंडला निघाले, तेव्हा स्वतः आजारी होते आणि पत्नी अवघ्या दहा दिवसांची बाळंतीण होती. तेथे हजारो लोक पंथात आले. घरदार मागे ठेवून निघण्याचा हा प्रसंग पुढील पिढ्यांना आदर्श म्हणून सांगितला गेला.

१८४४ मध्ये स्मिथ यांची हत्या झाली. छळाला कंटाळलेल्या अनुयायांना यंग यांनी पश्चिमेकडे नेले व २४ जुलै १८४७ रोजी ते सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले. त्यांच्या कारकिर्दीत मिशनरी दूरदेशी गेले. ह्यू फिंडले हे तर १८५१ मध्ये मुंबईत आले आणि पुण्यातही त्यांनी काम केले. येथे मात्र हे कार्य फार काळ टिकले नाही.

याच पुरुषाने दुसरी परंपराही मागे ठेवली. स्मिथ यांच्या हयातीत एलायजा एबल या कृष्णवर्णीयाला याजकपद मिळाले होते. यंग यांनी १८५२ मध्ये कृष्णवर्णीयांना ते नाकारले. एका माणसाचा निर्णय पुढे देवाची आज्ञा म्हणून शिकवला गेला. सव्वाशे वर्षे असंख्य श्रद्धावंत दाराबाहेर राहिले. आफ्रिकेतील प्रचारकार्यही त्यामुळे अडले. ही बंदी १९७८ मध्ये उठली. बहुपत्नीत्वाचा त्यांनी उघड पुरस्कार केला. पंथाने १८९० मध्ये त्यापासून माघार घेतली. २९ ऑगस्ट १८७७ रोजी यंग निवर्तले.

मॉर्मन शिकवण आपल्या श्रद्धेहून मूलतः भिन्न आहे. तरीही या चरित्रातून आम्ही एक बोध घेतो : पूर्वजांचा त्याग जपावा, परंतु त्यांचे पूर्वग्रह देवाच्या नावावर खपवू नयेत. जुने म्हणजे पवित्रच, असे नव्हे.